यवन, युनानी, ग्रीक: एका पाहुण्याची तीन नावे

मराठीत एखादी गोष्ट फारच सुरेख जमली की आपण म्हणतो, "अफलातून!" रस्सा अफलातून, झेल अफलातून, आणि चारचौघांपेक्षा वेगळा वागणारा माणूसही अफलातूनच. मुंबईत तर या नावाची मिठाई मिळते. मी आर्णीत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. वर्गात कधी विचारतो, "हा अफलातून कोण होता?" कुणालाच सांगता येत नाही. मग विचारतो, "प्लेटो कोण?" तेव्हा दोन-तीन हात वर होतात. ग्रीक विचारवंत, सॉक्रेटीसचा शिष्य. हे दोघे एकच आहेत असे सांगितले की मुलांचा चटकन विश्वास बसत नाही.

पण गोष्ट सरळ आहे. अरबीत 'प' हे अक्षर नाही आणि शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही. म्हणून ग्रीक 'प्लॅटोन'चा अरबीत 'अफलातून' झाला. तो फारसीतून उर्दूत आणि मराठीत उतरला. पुढे इंग्रजी शाळा आल्या तेव्हा तोच माणूस 'प्लेटो' होऊन पुन्हा आला. सुकरात म्हणजे सॉक्रेटीस, अरस्तू म्हणजे ॲरिस्टॉटल, बुकरात म्हणजे हिपोक्रॅटीस, जालीनूस म्हणजे गेलन, उकलिदस म्हणजे युक्लिड, बतलीमूस म्हणजे टॉलेमी. उर्दूच्या पुस्तकात अरस्तू भेटतो, मराठीच्या पुस्तकात ॲरिस्टॉटल, आणि दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात असूनही त्यांची ओळख होत नाही.

ही नुसती उच्चारांची गंमत असती तर त्यावर लिहायचे कारण नव्हते. पण या न झालेल्या ओळखीतून दोन गैरसमज वाढतात आणि दोन्ही मी रोज ऐकतो. पहिला असा की ग्रीकांपासून सुरू झालेला विचार थेट युरोपात गेला, तिथे विज्ञान आणि सेक्युलर संस्कृती जन्मली, आणि मुसलमानांचा त्याच्याशी संबंध असलाच तर तो अडथळा म्हणून. दुसरा आपल्याच लोकांचा. फलसफा, तर्क, सेक्युलर विचार हे सगळे परक्यांचे, श्रद्धावंताने त्यापासून चार हात लांब राहावे. एक दुसऱ्याला बळ देतो. मधल्या मधे विज्ञान शाखेला जाणारी आमची मुलगी विचारते, "सर, हे शिकले तर दीन सुटतो का?" तिला उत्तर द्यायचे तर इतिहास नीट सांगावा लागतो.

आधी आले यवन

ग्रीकांच्या पूर्वेकडच्या शाखेला आयोनियन म्हणत. त्यावरून फारसी-अरबीत 'यूनान' झाले आणि आपल्याकडे प्राकृतात 'योन', संस्कृतात 'यवन'. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने लेणे कोरवून घेतल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. हे सगळे बुद्धाच्या संघाला दान देत होते. म्हणजे महाराष्ट्राच्या दगडात यवनांची नोंद आहे ती दाते आणि श्रद्धावान म्हणून.

त्यांचे ज्योतिषही संस्कृतात आले. 'होरा' हा शब्द ग्रीक आहे. 'केंद्र' हा शब्दही ग्रीक 'केन्ट्रॉन'वरून आलेला. आज 'केंद्र सरकार' आणि 'परीक्षा केंद्र' म्हणताना कुणाला तो परका वाटत नाही. 'दाम' हा शब्द ग्रीक नाणे 'द्राख्मे'वरून आला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने तर स्पष्ट लिहून ठेवले की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात चांगले रुजले आहे, म्हणून ते ऋषींसारखे मानाला पात्र आहेत. ज्ञान कुणाचे आहे यापेक्षा ते ज्ञान आहे का, हे त्याने आधी पाहिले.

पुढे 'यवन' शब्दाचा अर्थ सरकत गेला. ग्रीक गेले, मग कोणताही परदेशी यवन झाला, आणि बखरींच्या काळापर्यंत यवन म्हणजे मुसलमान असा अर्थ पक्का झाला. या शब्दाने आपल्याला चिडवले गेले आहे. पण इतिहासाचा योगायोग पाहा. ग्रीकांचे नाव आपल्याला चिकटले आणि ग्रीकांची पुस्तकेही आपल्याच पूर्वसुरींनी जपली.

बायबलच्या घरातला ग्रीक

आता थोडे पश्चिमेकडे जाऊ. ग्रीक विचार आणि एकेश्वरवादी श्रद्धा यांची पहिली मोठी भेट इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात झाली. तिथल्या यहुदींनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून आपला धर्मग्रंथ हिब्रूतून ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. त्याच शहरात फिलो नावाचा यहुदी विद्वान होऊन गेला. तो हजरत ईसा (अ.) यांच्याच काळातला. तौरातमधल्या गोष्टींचा अर्थ तो अफलातूनच्या विचारांच्या मदतीने लावत असे.

नवा करारही ग्रीकमध्ये लिहिला गेला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी जो 'लोगोस' शब्द आहे, त्याला ग्रीकमध्ये वचन, बुद्धी, विश्वाची व्यवस्था असे अनेक अर्थ होते. मराठी बायबलात तिथे 'शब्द' आला. पौल अथेन्सला जाऊन तिथल्या तत्त्वज्ञांशी वाद करतो, हा प्रसंगही नव्या करारात आहे. सन ३२५ मध्ये निकाया येथे धर्मपरिषद भरली तेव्हा ईसा (अ.) आणि परमेश्वर यांच्या नात्याबद्दलचा सिद्धांत ठरवताना जो कळीचा शब्द वापरला गेला, तो बायबलमधला नव्हता. ग्रीक विचारांतल्या 'सत्त्व' या कल्पनेवरून तो घेतला होता. आपण मुसलमान तो सिद्धांत मानत नाही. पण ख्रिस्ती श्रद्धेची मांडणी ग्रीक भाषेत आणि ग्रीक तर्काने झाली हे समजून घेतले, तर त्या श्रद्धेतले अनेक वाद कळायला सोपे जातात.

याचे मराठी उदाहरण आपल्या जवळचे आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. पण त्यांनी समोर ठेवलेले सगळे मुकाट्याने घेतले नाही. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल आणि चर्चच्या अधिकाराबद्दल त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून साध्या मराठीत आणले. मिशनमधल्या स्त्रियांनी छापखान्यात खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्याआधी त्यांचे हे काम पुरे झाले होते. संस्कृत पंडिताच्या घरातली ही मुलगी पुणे जिल्ह्यातल्या एका गावात बसून ग्रीक शिकली, ती कुणाच्या सांगण्यावर विसंबण्यापेक्षा मूळ ग्रंथ स्वतः वाचता यावा म्हणून. श्रद्धा आणि चिकित्सा एका माणसात नांदू शकतात, हे त्यांच्याकडे पाहिले की पटते.

बगदाद ते पॅरिस

सन ५२९ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनने अथेन्समधले तत्त्वज्ञानाचे शिक्षण बंद करवले. तिथले काही तत्त्वज्ञ इराणच्या दरबारात गेले. तो दरबार नौशेरवानचा, ज्याला उर्दू वाचणारे 'नौशेरवाँ-ए-आदिल' म्हणून ओळखतात.

यानंतर तीनशे वर्षांनी बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या काळात भाषांतराचे मोठे काम उभे राहिले. खलिफा मामून (८१३ ते ८३३) याने त्याला सढळ हाताने आश्रय दिला. या कामातला सर्वांत मोठा भाषांतरकार हुनैन बिन इसहाक हा ख्रिस्ती होता. त्याने जालीनूसची वैद्यकावरची पुस्तके सिरियाक आणि अरबीत आणली. गणिती साबित बिन कुर्रा हर्रानचा, साबी पंथाचा. पहिला मोठा मुस्लिम तत्त्ववेत्ता अल-किंदी याची भूमिका अशी की सत्य कुठूनही आले, दूरच्या आणि परक्या लोकांकडून आले, तरी ते घ्यायला लाजू नये. तीनशे वर्षांपूर्वी वराहमिहिराने म्हटले तेच.

यातून जे उभे राहिले ते नुसते भांडार नव्हते. राझीने जालीनूसच्या चुका दाखवणारे पुस्तक लिहिले. इब्न अल-हैसमने बतलीमूसबद्दलच्या शंका मांडल्या. तेराव्या शतकात इब्न नफीसने रक्त हृदयातून फुप्फुसात जाऊन परत येते हे सांगितले आणि जालीनूसचे म्हणणे चूक ठरवले. ग्रीकांचा मान राखायचा आणि त्यांच्याशी वादही घालायचा, असे हे नाते होते.

श्रद्धेच्या बाजूने सर्वांत कडक प्रश्न इमाम गझाली (१०५८ ते ११११) यांनी विचारले. 'तहाफुतुल फलासिफा' या ग्रंथात त्यांनी तत्त्ववेत्त्यांच्या वीस मतांची तपासणी केली आणि त्यांपैकी तीन मते श्रद्धेबाहेरची ठरवली. 'गझालींनी विज्ञान संपवले' असे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते वाचणाऱ्याने हेही वाचावे, की त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला ते सांगतात, ग्रहणासारख्या गोष्टी गणिताने सिद्ध झालेल्या आहेत, धर्माच्या नावाने त्या नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. तर्कशास्त्र तर त्यांनी मोकळेपणाने स्वीकारले. ज्याला मंतिक येत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा ठेवता येत नाही, इथपर्यंत ते गेले.

त्यांना उत्तर दिले कुर्तुब्याच्या इब्न रुश्दने (११२६ ते ११९८). तो काझी होता. 'बिदायतुल मुज्तहिद' हा त्याचा फिकहवरचा ग्रंथ मदरशांत आजही आदराने वाचला जातो. त्याचेच अरस्तूवरचे भाष्य लॅटिनमध्ये गेले. त्याच शहरात जन्मलेला यहुदी विद्वान मूसा बिन मैमून याने आपला मोठा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबीत लिहिला. टोलेडोमध्ये अरबी पुस्तकांची लॅटिन भाषांतरे झाली. पॅरिसमध्ये थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) या ख्रिस्ती धर्मपंडिताने इब्न सीना, इब्न रुश्द आणि मूसा बिन मैमून या तिघांशी बोलत-भांडत ख्रिस्ती श्रद्धेची नवी मांडणी केली. त्याच्या लिखाणात अरस्तूचा उल्लेख नुसता 'तत्त्ववेत्ता' असा येतो आणि इब्न रुश्दचा नुसता 'भाष्यकार' असा. पुढे १५०९ ते १५११ दरम्यान राफाएलने पोपच्या महालातल्या भिंतीवर ग्रीक तत्त्वज्ञांची सभा रंगवली. त्यात मध्यभागी अफलातून आणि अरस्तू आहेत. एका बाजूला डोक्याला फेटा बांधलेला एक माणूस वाकून बघतो आहे. तो इब्न रुश्द समजला जातो.

म्हणजे युरोपच्या विचारांची वाट बगदाद आणि कुर्तुब्यावरून गेली. तिच्यावर ख्रिस्ती भाषांतरकार, मुसलमान काझी आणि यहुदी हकीम एकमेकांच्या खांद्यावर उभे होते.

दक्खनमधला युक्लिड

आपल्या भागात हे ज्ञान कधी आले? इतिहासकार फेरिश्ता सांगतो की बहामनी सुलतान फिरोजशाह (१३९७ ते १४२२) आठवड्यातले तीन दिवस, शनिवार, सोमवार आणि गुरुवार, स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत असे. त्याच्या पाठांत युक्लिडच्या भूमितीचा अरबी ग्रंथ होता. त्याची राजधानी गुलबर्गा, सोलापूरच्या पलीकडे. दौलताबादजवळ वेधशाळा बांधायचे कामही त्याने काढले होते. सहाशे वर्षांपूर्वी दक्खनचा एक सुलतान युक्लिड शिकवत होता, हे आमच्या मुलांना भूमितीच्या तासाला सांगायला हवे.

पुढे १४७२ मध्ये वजीर महमूद गावान याने बीदरला मोठा मदरसा बांधला. त्याची पडकी पण देखणी इमारत आजही उभी आहे. आपला वऱ्हाड तेव्हा बहामनी राज्याचाच एक प्रांत होता. गावाननेच त्याचे दोन भाग करून गाविलगड आणि माहूर असे दोन तर्फ केले. आर्णीजवळचे माहूर त्या काळी बीदरच्या कारभाराशी असे जोडलेले होते.

भाषेतल्या खुणा तर रोजच्या आहेत. 'कानून' हा ग्रीक 'कॅनॉन'. 'किमया' ग्रीकातून अरबीत आणि तिथून मराठीत आली. 'अफू' म्हणजे ग्रीक 'ओपियन', अरबीतून 'अफ्यून'. हकीमसाहेब नाडी बघून 'बलगम' वाढला म्हणतात तो ग्रीक 'फ्लेग्मा'. भाषाशास्त्रज्ञ 'कलम' शब्दाचे मूळही ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरू, असे सांगतात. हा शब्द कुरआनमध्ये आहे आणि एका सूरहचे ते नाव आहे. युनानी वैद्यक तर नावानेच ग्रीक. पुणे, मुंबई आणि अक्कलकुव्याला त्याची महाविद्यालये आहेत.

मदरशांतही ग्रीक आहेच. मंतिकच्या पहिल्या पुस्तकांपैकी एकाचे नाव 'ईसागोजी'. तेराव्या शतकातल्या अबहरी या विद्वानाने ते लिहिले. पण नाव घेतले पॉर्फिरी या ग्रीक लेखकाच्या पुस्तकावरून, ज्याचा अर्थ आहे 'प्रवेश'. हा पॉर्फिरी तिसऱ्या शतकातला आणि ख्रिस्ती धर्माच्या विरोधात ग्रंथ लिहिणारा. तरी ख्रिस्ती मठांनी त्याचे तर्कशास्त्र शेकडो वर्षे शिकवले आणि मदरशांनी त्याच्या पुस्तकाचे नाव जपले. माणसाची श्रद्धा वेगळी म्हणून त्याचा तर्क फेकून द्यायचा नसतो, हे दोन्ही धर्मांच्या जुन्या शिक्षकांना माहीत होते.

इथे आपल्या समाजालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. आपण पुस्तके जपली, चार रस जपले, तर्काचे नियम पाठ केले. पण राझी आणि इब्न नफीस यांनी ज्या सवयीने जालीनूसला प्रश्न विचारले, ती सवय किती जपली? नाव युनानी राहिले आणि वाद घालणे थांबले, तर वारसा अर्धाच उरतो.

गफार बेग मुन्शी आणि होमर

तिसऱ्यांदा ग्रीक आले ते इंग्रजी शाळांतून. या वेळी ते मिशनच्या शाळेत बायबलबरोबर आले आणि बायबलवर टीका करणाऱ्यांबरोबरही आले. महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण महात्मा जोतीराव फुले. वडिलांनी त्यांना शाळेतून काढले होते. शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब नावाचे ख्रिस्ती गृहस्थ यांनी वडिलांची समजूत काढली, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. मी स्वतः उर्दूचा शिक्षक असल्याने गफार बेग मुन्शींचे नाव घेताना मला विशेष आनंद होतो. त्यांनी जोतीरावांना कोणत्या धर्माकडे जा असे सांगितल्याचे कुणी लिहिलेले नाही. या मुलाला शिकू द्या, एवढाच त्यांचा आग्रह होता.

त्या शाळेतून जोतीराव ख्रिस्ती होऊन बाहेर पडले नाहीत. त्यांनी बायबलचा माणुसकीचा भाग घेतला, थॉमस पेनची बायबलवरची टीकाही घेतली, आणि पुढे पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांच्यावर 'मानव महंमद' ही रचना केली. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. तिच्या सुरुवातीलाच गुलामी माणसाचे काय हिरावून घेते याबद्दलचे होमरचे वचन दिलेले आहे. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रीक कवी पुण्यातल्या शूद्रातिशूद्रांच्या बाजूने साक्ष द्यायला आला. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. आधुनिक महाराष्ट्राच्या सेक्युलर विचाराचा हा एक पाया आहे, आणि फुल्यांनी 'निर्मिक' मानला, देव नाकारला नाही, हे विसरता कामा नये.

भांडण कुणाचे होते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. विचार आणि श्रद्धा यांचे भांडण आहे का? आहे. ते दोन हजार वर्षांपासून चालू आहे आणि चालू राहील. पण त्या भांडणात माणसे कधी मेली, पुस्तके कधी जळाली, ते तपासून पाहा.

अथेन्सने इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सुकरातला विषाचा प्याला दिला. आरोप होता, शहराचे देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो. म्हणजे खुद्द ग्रीकांनीच ग्रीक विचाराला शिक्षा दिली. जस्टिनियनने ख्रिस्ती राज्याच्या हुकमाने अथेन्सचे शिक्षण बंद केले. ज्या मामूनने भाषांतरांना आश्रय दिला, त्यानेच ८३३ मध्ये मुअतजिलींचे बुद्धिवादी मत उलेमांवर लादायला चौकशी सुरू केली, आणि इमाम अहमद बिन हंबल यांनी ते मानले नाही म्हणून त्यांना कैद झाली, पुढे फटके खावे लागले. इथे बुद्धिवाद जुलमी झाला आणि श्रद्धेचा माणूस मार खात उभा राहिला. ११९५ मध्ये इब्न रुश्दला हद्दपार केले गेले, त्याची तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळली गेली. तेव्हा स्पेनच्या खलिफाला युद्धासाठी लोकांचा पाठिंबा हवा होता. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ मतांवर बंदी घातली. थॉमस अक्वायनसची काही मतेही त्या फटक्यात सापडली. सेहेचाळीस वर्षांनी, १३२३ मध्ये, त्याच चर्चने त्याला संत ठरवले.

या सगळ्या घटनांत एकच गोष्ट समान आहे. गझालींनी इब्न सीनाला खोडले, इब्न रुश्दने गझालींना खोडले, तोवर दोन्हीकडून ग्रंथ तयार झाले आणि वाचणारा शहाणा झाला. त्या वादात राजाचा शिपाई शिरला की एकाचा तुरुंग झाला किंवा दुसऱ्याची पुस्तके जळाली. शिपाई कधी श्रद्धेच्या बाजूने आला, कधी बुद्धीच्या. आपल्या काळात तर सरकारी शिपायाचीही गरज लागत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना सकाळी रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे प्रश्न कुणाला आवडोत वा न आवडोत, उत्तर गोळीचे नव्हते.

सेक्युलर शब्दाचा अर्थ मला इथे सापडतो. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत मराठीत 'धर्मनिरपेक्ष' असा शब्द आहे. उर्दूच्या पाठ्यपुस्तकात त्याच जागी 'गैर मजहबी' असे छापलेले असते. आमची मुले ते रोज परिपाठाला म्हणतात आणि काहींना वाटते, धर्म नसलेले असे काहीतरी आपल्याला व्हायचे आहे. मी त्यांना सांगतो, हा शब्द राज्याबद्दल आहे, तुझ्याबद्दल नाही. राज्याने कुणाची श्रद्धा ठरवायची नाही, इमाम अहमदची नाही आणि इब्न रुश्दचीही नाही. अनुच्छेद २५ सदसद्विवेकाचे आणि धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद ५१-क वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगतो. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. असे राज्य अल्पसंख्याक मुसलमानाला जितके हवे तितकेच प्रश्न विचारणाऱ्या मुसलमानालाही हवे. पहिल्यासाठी संविधानाचा आधार घ्यायचा आणि दुसऱ्याची वेळ आली की मान फिरवायची, हे चालणार नाही.

म्हणून त्या मुलीला माझे उत्तर असे. बेटा, शिकल्याने दीन सुटत नाही. गझाली शिकले, इब्न रुश्द शिकले, रमाबाई शिकल्या, आणि प्रत्येकाची श्रद्धा शिकल्यावरही उभी राहिली, पण तिला उत्तरे शोधावी लागली. तुलाही शोधावी लागतील. तुझ्या जीवशास्त्राच्या पुस्तकात रक्ताभिसरणाचा पाठ येईल तेव्हा वहीच्या कडेला इब्न नफीसचे नाव लिही, आणि त्याच्या शेजारी त्याने कुणाला चूक ठरवले त्या जालीनूसचेही लिही. मग पुढच्या पानावर तुझी स्वतःची शंका लिही.